सर म्हणायचे, "इंजिन गेलं!"

आमच्या फ्लाइंग स्कूलच्या रजिस्टरमध्ये उड्डाण, उतरणं, पेट्रोल, सगळ्याची नोंद होते. किश्शांची होत नाही, म्हणून ते चहाच्या टेबलावर साचत राहतात. मी अलिबागजवळच्या या स्कूलमध्ये रेडिओ आणि रजिस्टर सांभाळते. नवरा अनय इथलाच पायलट. इन्स्ट्रक्टर व्हायला त्याला एक चेक, म्हणजे हवेतली परीक्षा, पास करायची होती, आणि ती घेणार होते मोठे सर. आमच्या लग्नात अक्षता टाकायला पहिल्या रांगेत उभे होते, तेच!

चेकमध्ये सर हवेत अचानक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा, बंद करून ओरडायचे, "इंजिन गेलं!" उमेदवाराने नाक खाली करायचं, शेत निवडायचं, उतरायला निघायचं. जमीन पाचशे फुटांवर आली की सर थ्रॉटल उघडणार आणि विमान वर. अलिखित नियम एकच: सरांनी सांगितल्याशिवाय थ्रॉटलला हात लावायचा नाही. लावला तर नापास!

*

एकाने "इंजिन गेलं" ऐकताच डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. सर शांतपणे म्हणाले, "आधी नाक खाली, मग रामरक्षा!"

*

सोपं म्हणून सगळे एकाच शेताकडे वळायचे. एक दिवस शेताचे मालक नामाकाका ऑफिसात आले.

"रोज येताव, उंबऱ्यावरना माघारी जाताव. ह्ये काय सोयऱ्यांचं वागणं हाय? एक डाव च्या तरी घेऊन जा, न्हायतर येऊ नका!"

सरांनी माफी मागितली. शेत बदललं. उंची नाही.

*

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात चौलच्या रस्त्यावर अनयने उतारावर स्कूटर बंद केली. "इंजिन गेलं! कुठे उतरशील?"

"माहेरी!"

दुसऱ्या दिवशी हे सांगताना तोच जास्त हसत होता.

*

हळूहळू पाचशेचे तीनशे झाले. मग त्याहून कमी. माझ्या खिडकीतून विमान सुपारीच्या शेंड्यांमागे गडप व्हायचं, मग घरघरत वर यायचं.

"सरांना सांग ना," मी अनयला म्हणाले.

"मी? चेकच्या आधी?"

"मग मी सांगते."

"बघ बाई. तुला सूनबाई म्हणतात ते."

त्या दुपारी मी धीर करून तोंड उघडलं. निघालं ते असं: "सर, येताना सुपाऱ्या तोडून आणल्यात का?"

टेबल हादरेपर्यंत सगळे हसले. सरही. मीही हसले, आणि खरं बोलायचं ते तिथेच राहिलं.

*

अनयच्या चेकच्या दिवशी हवा दमट होती. विमान झाडांमागे गेलं. मी पेन हातात धरून ते वर यायची वाट पाहत बसले.

थ्रॉटल बराच वेळ बंद ठेवला की इंजिन थंड पडतं. सरांनी तो उघडला तेव्हा इंजिन नुसतं खोकलं. तोवर अनय काय करत होता? सरांच्या हाताकडे बघत होता! शेवटी त्याने विमान ओहोटीच्या चिखलात घातलं. त्याच्या हनुवटीला सात टाके पडले, सरांचा उजवा खांदा मोडला.

चौथ्या दिवशी सरांनी मला चेकचा फॉर्म घेऊन हॉस्पिटलात बोलावलं. अनय आत यायला तयार होईना, बाहेर बाकावरच बसला.

सरांनी डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, अनयच्या नावापुढे लिहिलं, "पास."

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला.

"थांब, सूनबाई."

खाली 'परीक्षक' होतं, तिथे त्यांनी सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. नावापुढे थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, "नापास."