गोणपाटाआडचा मिस्त्री

मिस्त्रींचा हात मोडला तो माझ्यामुळे. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सोलापुरात तेव्हा लॉऱ्या मोजक्या, आणि त्यांची नाडी ओळखणारे त्याहून मोजके. मिस्त्री मूळचे सांगोल्याकडचे. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला फौजेच्या गाड्यांवर काम शिकून आलेले. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायला बसले, की बॉनेटभोवती गोणपाट बांधून घ्यायचे. कुणी बघायचं नाही. "बघून शिकतो त्यो चोर," ते म्हणायचे, "आन इचारून शिकतो त्यो बी चोरच, फकस्त तोंडावर." चहा आला, तर आणणाऱ्याला आधी घोटभर प्यायला लावत.

त्या गोणपाटाला एक भोक होतं. त्यातून मी पाहिलं. नवी पेठेतला सोनार दागिने ज्यात गुंडाळून देतो, तो गुलाबी पातळ कागद. त्याची चिंधी मिस्त्री ठिणगीच्या पॉइंटांमध्ये धरत, आणि डोळे मिटून इंजिन हातानं हळूहळू फिरवत. पॉइंट उघडून कागद सुटला, तीच ठिणगीची वेळ. सगळा हिशेब दोन बोटांत.

"डायवर, मान मागं घे," आतून आवाज आला. "उंट बी मान लांब करतो, म्हून त्याला कुनी मिस्त्री म्हनत न्हाय."

मी एका शेठजींची लॉरी नातेपुत्याला धान्यासाठी न्यायचो. चढ आला की ती दम टाकायची, रेडिएटर उकळायचा. ठिणगी उशिरा पडली की असं होतं, एवढं मला कळत होतं. मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "हाय ती येळ बराबर हाय. तू गाडी हाक." बस्स, एवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. गाडी सारखी आपल्याच दारी यावी म्हणून हा माणूस मुद्दाम ठिणगीची वेळ मागं ठेवतो! शेठजींच्या कानावरही मी ते घातलं.

मग एका दुपारी, नातेपुत्याच्या वाटेवर लिंबाखाली गाडी थांबवून, मी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा नट ढिला केला आणि तो जरासा फिरवला. ठिणगी लवकर पडू लागली. लॉरी चढ असा चढली, की मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "सापडला चोर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकच्या कामासाठी गाडी मिस्त्रींकडे नेली. "आदी आवाज ऐकू दे," म्हणत ते इंजिन चालू करायच्या, गाडीच्या तोंडाशी असलेल्या हँडलकडे गेले. अनोळखी गाडीचं हँडल ते जपून, खालून वर अर्धा फेराच ओढायचे. आपण टायमिंग लावलेल्या गाडीचं मात्र बिनधास्त गरगर फिरवायचे. त्यांनी मूठ आवळली ती मी पाहिली. ठिणगी लवकर पडली की हँडल उलटं मारतं, म्हणून सकाळी मी स्वतः ते जपून अर्धंच ओढलं होतं. थांबा म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. इंजिनानं उलटा झटका दिला, आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

चार दिवसांनी भेटायला गेलो. मनगटाला बांबूच्या खपच्या बांधून पडले होते.

"तुज्या गाडीचा ठिणगी मागं घ्यायचा दांडा झिजलाय," ते म्हणाले. "पुरता मागं येत न्हाय. हँडल रोज तू मारतोस. म्हून मी येळच मागं ठिवली हुती, तुज्या मनगटासाठी. तुला बोललो न्हाय. डायवराला सांगितलं की त्यो हात लावतोच." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुनी हात लावला का रं?"

"नाही, मिस्त्री."

साऱ्या गावावर संशय घेणारा तो माणूस. माझ्यावर मात्र त्यानं विश्वास ठेवला. "मंग बोटच चुकलं माजं," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

हाड जरा वाकडं का होईना, पण जुळलं. टायमिंगला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ट्यूबांना ठिगळं लावत दारात बसायचे. कुणी इंजिन दाखवलं, तर म्हणायचे, "दुसऱ्याला दावा. माजा मलाच भरवसा न्हाय." पुढे सांगोल्याला परत गेले आणि तिथंच वारले.

कळल्यावर मी गेलो होतो. त्यांचा मुलगा म्हणाला, "आबा लई हुशार हुते, पर शेवटाला बोट चुकाय लागलं म्हनं." मी चहा प्यालो, पायात वहाणा घातल्या आणि निघून आलो.

त्यांचं बोट चुकलं नव्हतं. वेळ मी हलवली, आणि विचारल्यावर खोटं बोललो. हे त्या मुलाच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.