चर्चमागची लाँड्री

आमच्या मंडळीत तिला सगळे कडकमावशी म्हणायचे, आणि तिलाही ते ठाऊक होतं. चर्चच्याच गल्लीत तिची लाँड्री होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीच्या हिमतीवर चालवली. तिच्या हाताखालून गेलेला शर्ट खुंटीला नाही टांगला तरी उभा राहील, असं लोक म्हणत. बोलणंही तसंच, खळ घातल्यासारखं. रविवारी ती पहिलं गीत संपता संपता यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि उपासना संपली की दारात पाळकसाहेबांच्या कॉलरकडे बघून विचारायची, की ही इस्त्री केली कोणी? पाळकसाहेब कपडे स्वतःच इस्त्री करत. ते हसून तिच्या गुडघ्याची चौकशी करत.

मग लाँड्रीची इमारत पाडायची ठरली. मावशीला जागा सोडावी लागली. दोन मोठी यंत्रं आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल कुठे ठेवायचं? पाळकसाहेबांनी चर्चमागची शेड दाखवली. तिथे मोडके बाक आणि जुनी खिडकीची दारं पडलेली असत. यंत्रं विकत घेणारं गिऱ्हाईक मिळेपर्यंत सामान राहू दे, असं ठरलं. मावशीने यंत्रांवर ताडपत्री टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामी बसली. रिकामं बसणं तिला जमेना. ती उगीच चर्चमध्ये येऊन वेदीवरचं कापड सारखं करायची, आमची गीतांची पुस्तकं सरळ लावायची, आणि आम्ही गायनमंडळातल्या बायका दिसलो की आमच्या कपड्यांच्या चुण्या काढायची. मी तर तिला बघून कोट काढून हातात धरायला लागले होते.

आमच्या चर्चसमोर रस्त्यापलीकडे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. लांबलांबून पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते. बरोबरच्या माणसाला व्हरांड्यातला कोपरा. ती माणसं आमच्या पायऱ्यांवर येऊन बसत. उपासनेनंतर आम्ही त्यांना चहा आणि पाव द्यायचो, आणि आपण पुष्कळ काही केलं अशा समाधानात घरी जायचो. त्यांना आणखी काय हवंय, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी मावशी आपली यंत्रं बघायला आली, तर बागेच्या नळावर एक तरुण माणूस नुसत्या बनियनवर उभा राहून शर्ट धूत होता. चिखल ताटव्यात जातो म्हणून चौकीदार त्याच्यावर चिडला होता. मावशीने चौकीदाराला आधी गप्प केलं आणि मग त्या माणसाला विचारलं. तो ट्रक चालवायचा. बायकोला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती, इवलीशी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत हात घालून तिला स्पर्श करता येईल, असं नर्सने सांगितलं होतं. फक्त कपडे स्वच्छ हवेत. घाईघाईत निघालेला माणूस. एक अंगावरचा शर्ट आणि एक लाल स्वेटर, एवढंच त्याच्यापाशी होतं.

मावशीने त्याच्या हातातून शर्ट काढून घेतला. "शर्ट आहे तो, कोणाची मान नाही," ती म्हणाली. "असा पिळतात का?"

तिने ताडपत्री ओढली, त्याच नळाला पाइप जोडला, चर्चमधून वायर ओढून आणली आणि यंत्र सुरू केलं. शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री केला. टेबलावरून उचललेला तो गरम शर्ट अंगात घालून ड्रायव्हर रस्ता ओलांडून गेला, तेव्हा मावशी फाटकाशी उभी राहून बघत होती. संध्याकाळी तो परत आला तो हे सांगायला, की मुलीने त्याचं बोट धरलं. मावशीने त्याला स्वेटरही धुवायला आणायला सांगितलं, आणि आत जाऊन उगाचच यंत्र पुसत बसली.

अशी बातमी हॉस्पिटलात लपून राहते होय? दुसऱ्या दिवशी दोन बायका चादरी घेऊन आल्या. आठवडा उलटायच्या आत शेडसमोर रांग लागली आणि आमच्या बागेत झाडाझाडाला दोऱ्या बांधल्या गेल्या. मंडळीच्या पंचांना बैठक घ्यावी लागली.

सगळ्यांत जास्त विरोध मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे आमचे ऑर्गनवादक, शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. त्यांचा स्वभाव तापट नव्हता, पण आवाजाच्या बाबतीत फार नाजूक. कोणी बाक सरकवला तरी त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. देवाच्या घरामागे अशी घरघर चालली तर माणसाने प्रार्थना कशी करायची, असं त्यांचं म्हणणं होतं. आणखी कोणी पाण्याचा प्रश्न काढला. कोणी विचारलं, की येणारी माणसं कुठल्या मंडळीची, कुठल्या धर्माची, याची काही चौकशी करायची की नाही.

आता मावशी उभी राहिली.

"मळ काही धर्म विचारून लागत नाही," ती म्हणाली. "मग तो काढताना मी कशाला विचारू?"

पाळकसाहेबांनी खाली बघून हसू दाबलं. मग ते शांतपणे म्हणाले, की आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. शिष्यांचे कपडे राहिले असतील तर ते आपण धुवायला हरकत नाही. उपासना आणि गायनाचा सराव चालू असताना यंत्र बंद, एवढी एक अट घालून ठराव झाला. मास्तरांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही.

आणि मग मंडळीला जो काही हुरूप आला! आमच्यातल्या प्लंबरने पक्की नळजोडणी करून दिली. मोडक्या बाकांची सुताराने कपाटं आणि फळ्या केल्या. ज्यांच्या तोंडून प्रार्थनेत कधी शब्द फुटायचा नाही, ती माणसं बादल्या उचलायला पुढे. आम्ही गायनमंडळातल्या बायका सरावाआधी येऊन चादरींच्या घड्या घालायला लागलो. चादरीला दोन माणसं लागतात, आणि दोन माणसं समोरासमोर आली की बोलणं होतंच. पेशंटच्या घरचं कोणीतरी चादरीचं दुसरं टोक धरायचं, आणि घडी बसेपर्यंत आम्हाला त्याचं सगळं घर कळायचं. वर्षानुवर्षं आम्ही त्याच माणसांना चहाचे पेले दिले होते; चेहरे आत्ता कुठे बघत होतो.

सगळं सुरळीत चाललं असताना मावशीच्या गुडघ्याने हात टेकले. ऑपरेशनला पर्याय नव्हता. ती समोरच्याच हॉस्पिटलात दाखल झाली, आणि जाताना तिने आम्हाला इतक्या सूचना दिल्या की आमच्या कोणाच्याच काही लक्षात राहिलं नाही. तिच्यामागे यंत्रांकडे कोण बघणार, हा प्रश्न आला तेव्हा मागच्या बाकावरून मास्तर म्हणाले, "मी बघतो." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. जो माणूस ऑर्गनचे आवाज बदलणारे इतके स्टॉप सांभाळतो त्याला चार बटणं जड नाहीत, असं ते म्हणाले.

बटणं जड नव्हतीच. शनिवारी मास्तरांनी व्हरांड्यातून आलेले कपडे यंत्रात घातले, आणि जागा उरली म्हणून पाळकसाहेबांचा उपासनेचा पांढरा झगाही त्यातच टाकला. पाणी चांगलं कढत ठेवलं. ड्रायव्हरचा तो लाल स्वेटर त्याच खेपेत होता. दार उघडलं तेव्हा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झाला होता, आणि झगा गुलाबी. फिकट नव्हे, चांगला पिकलेल्या पेरूच्या गरासारखा.

मास्तर तो ओला झगा बादलीत घालून तडक हॉस्पिटलात मावशीच्या खाटेपाशी गेले. बादली पुढे केली. मावशीने आत डोकावून पाहिलं. बायकांच्या त्या वॉर्डात तिच्या हसण्याने नर्स धावत आली. टाके दुखत होते म्हणून ती गुडघा धरून हसत होती, आणि मास्तर बादली घेऊन चोरासारखे उभे.

"जाईल का हो हा रंग?" त्यांनी विचारलं.

"जाणार नाही," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पण मास्तर, तुम्ही आता लाँड्रीवाले झालात."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब तोच झगा घालून उभे राहिले. दुसरा नव्हताच. आमची हसू आवरता आवरता मुरकुंडी वळायची वेळ आली; मुलांनी तर आवरलंही नाही. पाळकसाहेबांनी सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मग ते म्हणाले, की हा झगा काल पुष्कळ घरच्या कपड्यांबरोबर धुतला गेलाय. त्यातल्या एका घरची बाळंतीण आणि तिची लेक आज घरी जाताहेत. "इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "या झग्याने एवढं चांगलं काम केलं नव्हतं."

आणि खरंच, उपासना संपायच्या सुमारास ड्रायव्हर बायकोला आणि मुलीला घेऊन दारात आला. मुलगी आता हाताएवढी झाली होती आणि तिचा आवाज मात्र चर्चएवढा. तो आटलेला स्वेटर मास्तरांनी शरमेने परत केला, तर ड्रायव्हरच्या बायकोने तो उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं, की वर्षभराने मुलीला अगदी बरोबर होईल. तिथून ती तिघं मावशीला भेटायला वॉर्डात गेली. आपले हात खरखरीत आहेत म्हणून मावशी मुलीला घ्यायला तयार नव्हती. आईने ऐकलं नाही. सरळ तिच्या कुशीत ठेवली. मावशीने तिच्या दुपट्याच्या चुण्या तशाच राहू दिल्या. हे आम्हाला नंतर नर्सने सांगितलं, आणि आम्हाला ते आधी खरं वाटलं नाही.

काठी टेकत मावशी परत आली तेव्हा मास्तर रोज सकाळी शेडमध्ये असायचे. दोघांचं घडी कशी घालावी यावरून वाजायचं. उशीच्या अभ्र्याची शिवण आत की बाहेर, यावर ते इतकं भांडत की नवी माणसं त्यांना नवराबायको समजत, आणि दोघंही एकदम नाही म्हणत. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी येऊन चादरींची ओझी वाहायचा. पलीकडच्या वस्तीतल्या एका मंडळीने शेड बघितली आणि आपल्याकडेही तसं काही सुरू केलं.

लोकांना कपड्यांइतकीच अडचण आंघोळीची होती. म्हणून यंदा मंडळीने शेडला लागून दोन न्हाणीघरं बांधली, गरम पाण्याची. ती सुरू करायच्या दिवशी पाळकसाहेब छोटी प्रार्थना तयार करून आले होते. आम्ही सगळे अंगणात उभे. पण मावशी म्हणाली, की पाणी धड तापतं का ते बघितल्याशिवाय ती कोणाला आत जाऊ देणार नाही. टॉवेल घेऊन ती स्वतःच आत गेली आणि कडी लावली.

आम्ही वाट बघत राहिलो. आतून पाण्याचा आवाज आला, फटीतून वाफ आली, आणि मग मावशी गायला लागली. तिला सुराचा गंध नव्हता. गीत आमच्याच पुस्तकातलं होतं, पण चाल तिची तिलाच माहीत. ती तल्लीन होऊन एकामागून एक कडवी म्हणत होती. आम्ही भीत भीत मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. धृपद आलं तसे ते दाराजवळ गेले आणि खालच्या पट्टीत तिला साथ द्यायला लागले. मग पाळकसाहेबांनी हातातला कागद खिशात घातला आणि तेही गायला लागले.