मुक्ताचा पहिला घास

माझी चार वर्षांची भाची मुक्ता परळच्या हॉस्पिटलात आहे. परवा तिच्या घशातली श्वासाची नळी काढली. आज तिला प्रथमच तोंडाने भरवायचं होतं.

माझी आई लालबागहून पेज घेऊन आली. "आजारी पोराक पेजच देतत."

गिळणं तपासणाऱ्या बाईंनी थांबवलं. "आजी, पातळ नको. नळीमुळे गिळणं मंदावलंय, पेज श्वासनलिकेत जाईल. दाट चालेल."

आईने चिडून पेजेचं वरचं पाणी ओतून टाकलं, खालचा भात गुळगुळीत घोटला. बाईंनी चमचा तिरका करून दाटपणा पाहिला आणि अर्धा चमचा भरवला.

मुक्ताने गिळलं. खोकला आला नाही.

मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, मीठ नाय."

मिठासाठी आई स्वतः कँटीनकडे धावली.

तुमच्या घरी आजारातून उठणाऱ्याला पहिला घास कशाचा देतात?