सुदामकाकांचं पान

सुदामकाका पंगतीत कधी बसले नाहीत. वडनेरात कुणाचं लग्न असो की बारसं, काका बादली घेऊन वाढायला हजर. शेवटची पंगत उठली की मांडवामागे, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून, एकटेच चार घास खायचे.

मी तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पोरांसमोर माझी जीभ भलतीच चालायची, पण चार मोठी माणसं एकत्र दिसली की तळहातांना घाम फुटायचा. आमंत्रण आलं की मला हमखास ताप यायचा. एकदा हेडमास्तरांनी एका लग्नाला ओढूनच नेलं, तर मी संधी साधून मांडवामागे सटकलो. तिथे काका बादल्या विसळत होते.

“काऊन लपून राह्यले, मास्तर?”

खोटं बोलायचंही सुचेना. “माणसांची भीती वाटते,” मी म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात मिठाची वाटी दिली. “हे घ्या. मीठवाल्याच्या तोंडाकडं कोनी पाह्यत नाई. पानाकडं पाह्यते सारे.”

खरंच कुणी पाहिलं नाही. पानापानावर चिमूटभर मीठ ठेवत मी सगळ्या गावासमोरून गेलो आणि जिवंत परत आलो.

मग काकांनी मला बढत्या दिल्या. मिठानंतर पाणी, कारण “पाणी?” एवढंच बोलावं लागतं. पुढे पोळी, वरण, वांग्याची भाजी. बुंदी मात्र दोन वर्षं हाती लागू दिली नाही. “बुंदीले आग्रह लागते, मास्तर. समोरचा नाई म्हन्ते, आपन हसून वाढा लागते.” शेवटी एका लग्नात ती मिळाली. एका म्हाताऱ्या पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, आणि मी “माझ्यासाठी एवढी घ्या, आजोबा,” म्हणत बोटांच्या फटीतून बुंदी सोडली. पंगत हसली. मीही हसलो. काका लांबून बघत उभे होते आणि त्यांच्या हातातलं वरण खाली सांडत होतं.

त्या दिवशी धीर करून विचारलं, “काका, तुम्ही का नाही बसत?”

“कोनी समोरून पाह्यलं का मले घास उतरत नाई. माह्या लग्नातबी मी उपाशीच होतो.” साठीच्या त्या माणसाने बादलीची कडी घट्ट धरली होती. काकूंशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे माझी बदली झाली, बोरगाव मेघ्यात घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला मी स्वतः वडनेरला गेलो. “वाढायला नाही, जेवायला यायचं. माझ्या बाजूला बसायचं.” काकांनी आधी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाले, “तुमी बाजूले असान तं बसतो.”

ते आले, इस्त्रीचा सदरा घालून. मी त्यांना पानावर बसवलं आणि “आलोच” म्हणून दाराकडे गेलो. दारात नव्या शाळेतले सोबतचे मास्तर भेटले. आता मला बोलता येत होतं ना! मी गप्पांत असा रंगलो, की आठवण झाली तेव्हा पंगत अर्ध्यावर आली होती. काकांचं पान तसंच होतं आणि काका बादली घेऊन वाढत होते.

“तुमी दिसले नाई म्हनून उठलो,” ते म्हणाले. रागावलेही नाहीत. “पुढच्या खेपेले बसू.” त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

पुढची खेप आली नाही. गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला त्यांच्या नावाचं पान पंगतीच्या टोकाला मांडलं होतं. काकू म्हणाल्या, “तुमीच वाढा, मास्तर.” मी मिठापासून सुरुवात केली. बुंदीपाशी आलो तेव्हा सवयीने तोंड उघडलं, पण आग्रह कुणाला करणार?

वाढून झाल्यावर मी त्या पानाच्या बाजूला बसलो. समोरच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. घास उतरत नव्हता. पंगत उठली, दुसऱ्या पंगतीची माणसं येऊन ताटकळली, कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मी उठलो नाही.