सात नंबरचा डावा पाय

हुसेन मिस्त्रींनी चौथीत शाळा सोडली की शाळेनं त्यांना, यावर मूर्तिजापुरात अजून वाद आहे. पण सरकी काढणारं यंत्र कुठे दुखतंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. हंगामाआधी यंत्र जुळवून झालं की त्याच्या पायाच्या आतल्या बाजूला छिन्नीनं नाव आणि साल कोरायचं, ही त्यांची रीत. जिनिंगचा मालक दरवर्षी ओरडे, हे दरवर्षी कोरत.

मग कापसाचे दिवस फिरले. जिनिंगला कुलूप लागलं, यंत्रं दलालानं नेली, मालकही वारला. अठ्ठावीस वर्षं तिथं राबलेला माणूस घरी बसला.

२००६ साली आफ्रिकेतल्या एका कारखान्यानं त्यांना बोलावलं. जुनी भारतीय यंत्रं घेतली होती, ती धड चालत नव्हती. पण तिथल्या परवाना कचेरीनं दोनदा अर्ज फेटाळला. परदेशी तज्ज्ञ म्हणता, तर पदविका कुठे? निदान अनुभवाचा दाखला? अर्ज लिहिणारा मी, पेशानं मास्तर. मलाच त्या कचेरीची चीड आली.

अकोल्याच्या एजंटनं, केयूरनं, तोड काढली. "चाचा, फिरायले चाललो म्हणून लिहू. आत गेल्यावर कोण पाहून राहिलं?"

"चोरावानी जाऊ?" मिस्त्री कडाडले. "पोलीस आला का मशीनमागं लपू? मिस्त्री म्हणून बोलवा, नाही तं राहू द्या!"

"तीन वर्षं झाले घरी बसून," त्यांच्या बायको हलीमाबी आतून म्हणाल्या. "अकड कायची एवढी?"

"अकड नाही. हक हाय माहा."

केयूर कारखान्याचे फोटो सोडून निघून गेला. मिस्त्रींनी ते चष्म्याजवळ धरले आणि एकदम मांडीवर थाप मारली. सात नंबर लिहिलेल्या चौकटीवरचा जोड त्यांनी स्वतः मारलेला होता; ही तर त्यांच्याच जिनिंगची यंत्रं.

"लिहा मास्तर. दाखला तुमच्याच कारखान्यात हाय. सात नंबरच्या मशीनचा डावा पाय आतून पाहा."

मी शब्द न बदलता लिहिलं. महिन्याभरानं कारखान्यानं फोटो पाठवला. ग्रीस पुसलेलं लोखंड, त्यावर 'हुसेन, मूर्तिजापूर' आणि खाली १९७५ पासून २००३ पर्यंत सालांची उतरंड. तोच फोटो त्यांनी तिसऱ्या अर्जाला जोडला होता.

व्हिसा आला. 'तज्ज्ञ' हा शब्द मी दोनदा मोठ्यानं वाचला.

बॅग भरताना हलीमाबींच्या हाताला छिन्नी लागली. "हे कायले आता? कागद तं भेटला."

"ठेव," मिस्त्री म्हणाले. "यंदाचं साल कोराचं राह्यलं."