मेडलचा खिळा

"तू चाल बाई, मी उनूच," म्हणजे आलोच, असं म्हणून नाना दगडावर टेकले की समजायचं, झालं! आता हा माणूस पायातले बूट काढणार. आधी लेसची गाठ सोडणार, मग मोजे काढणार, ते बुटात नीट खोचणार. आणि हे सगळं कुठे? सातपुड्याच्या डोंगरात, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात, शर्यत चालू असताना!

तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा. रागावल्याशिवाय राहवत नाही आणि धड रागावताही येत नाही. आमच्या धुळ्याच्या गल्लीत नाना होते. जन्मभर एस.टी. चालवली. निवृत्त झाल्यावर एका पहाटे मी पळायला निघाले तर कानाला मफलर गुंडाळून माझ्या मागे निघाले, आणि मग रोजच येऊ लागले.

ऐन थंडीत सातपुड्यात एक लांब पल्ल्याची डोंगरदौड असते. माथ्यावरच्या देवीपर्यंत चढायचं, पलीकडच्या वाटेने उतरायचं आणि दुपारी शर्यत संपते तिथली कमान काढायच्या आत खाली पोचायचं. वेळेत येईल त्याच्या गळ्यात मेडल. नानांना ते मेडल हवंच होतं.

"रिटायर झाऊ तवय हार भेटना व्हता. दुसरा दिन सुकी गया," ते म्हणायचे. "मेडल सुकत नही."

त्यासाठी बाहेरच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. त्यांची बायको, आमची अक्का, विचारायची, "मेडल येई तवय येई, तोपर्यंत पिशवी टांगू का?" पण नाना कुणाला त्या खिळ्याला हात लावू देत नसत.

पायात दम होता हो माणसाच्या! पण डोंगराच्या वाटेवर आधी मारुती, मग म्हसोबा, मग एक शेंदूर फासलेला दगड, आणि माथ्यावर देवी. प्रत्येकापुढे बूट निघायचे. परत घालताना थंडीने बोटं वळायची नाहीत, लेस बांधली जायची नाही. मी ओरडायचे, "नाना, बाहेरून नमस्कार करा ना!"

"देवीले बाहेरथून? ती काय शेजारीण शे?"

घ्या! आणि शेवटी व्हायचं काय? मी कमानीखाली चहा घेऊन उभी, दात वाजताहेत, आणि कमान सोडायला आलेला माणूस विचारतोय, "मागे कोणी आहे का?" मी चिडून म्हणायचे, "आहे एक." कमान उतरली की नाना यायचे, खूश! दोन हिवाळे हेच झालं.

तिसऱ्या वर्षी मी चंगच बांधला. त्यांना चिकटपट्टीचे बूट घ्यायला लावले. वाटेत कुठेही बूट काढणार नाही, असं अक्कासमोर कबूल करून घेतलं. आणि स्वतःचा नंबर गेला खड्ड्यात म्हणून त्यांच्या शेजारी पळाले. त्या दिवशी थंडीची लाट होतीच, वरून अवकाळीने गाठलं. गारा अशा सडसडत होत्या की चेहऱ्याला हात लावला तरी कळेना. नाना मात्र पळत होते. मारुतीला पळता पळता हात जोडले. देवीपुढे क्षणभर थांबले, बूट घालूनच, बाहेरून नमस्कार केला आणि उतरणीला लागले. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

शेवटच्या वळणावर खाली कमान दिसली. हाताशी चांगला वेळ होता. आणि नाना थांबले.

"काय झालं? पाय मुरगळला?"

"बूट घालीसन तिनापुढे उभा ऱ्हायनू," ते म्हणाले. "जीव लागत नही."

"नाना, कमान समोर आहे! आधी मेडल घ्या, मग वर जा, लोटांगण घाला, काय वाट्टेल ते करा!"

"तू चाल बाई, मी उनूच." आणि वळले की परत चढाला! आयुष्यभर घाटात गाडी चालवणारा माणूस, गारांच्या चिखलात उलटा वर चालला होता. मी तिथे उभी राहून रडले. दयेने नाही, संतापाने.

संध्याकाळी आले. कमान केव्हाच टेम्पोत चढली होती. नाना अनवाणी, बूट काखेत, पाय निळे पडलेले. "आते बरं वाटनं," म्हणाले. धुळ्याच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते.

"पुढला साली नक्की," असं गल्लीभर सांगत फिरले. पुढल्या पावसाळ्यात एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. फोटो कुठे लावायचा यावर पोरांचा खल चालला होता, तेव्हा अक्का म्हणाली, "खिळा त्यासनी ठोकेलच शे. तठेच लावा." फोटोला चंदनाचा हार घातलाय, न सुकणारा.

या हिवाळ्यात मी एकटी गेले. कुठेही थांबले नाही, वेळेत उतरले, मेडलही मिळालं. मग सवयीने चहाचे दोन कप घेतले आणि कमानीखाली उभी राहिले. कमान सोडायला तोच माणूस आला. दोरीला हात घालत त्याने विचारलं, "मागे कोणी आहे का?"

"आहे एक," मी म्हणाले.

त्याने दोरीवरचा हात काढला आणि तोही माझ्या शेजारी डोंगराकडे बघत उभा राहिला.