आंडोर आणि अंडं

“मना आंडोर मिलिटरीमां शे,” असं रखमाक्का मला पहिल्याच भेटीत म्हणाली. मी कोकणातून नुकताच धुळ्याला आलेला, भाड्याची खोली शोधत. मला ऐकू आलं ते अंडं. बाईंचं अंडं मिलिटरीत कसं गेलं असेल, याचा विचार करत मी तिच्या ओट्यासमोर उभा राहिलो, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “फुटणार नाही ना?”

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर ज्वारीचं सूप. मग तिला उमगलं, आणि सूप बाजूला ठेवून ती अशी हसत सुटली की शेजारच्या घरातून तिचे दीर, आबा, डोकावले. “आंडोर म्हंजे पोर्‍या, भाऊ!” ते मला ओरडून म्हणाले. “आते पोर्‍याले तव्यावर नको टाकू!” अक्का पदरानं डोळे पुसत होती. पुसता पुसता हसू संपलं, तरी डोळे पुसणं चालूच राहिलं. “फुटस का ऱ्हास, देवले माहीत रे भाऊ,” ती म्हणाली. मागची खोली मला मिळाली ती त्या दिवशी. चुकीच्या शब्दाला कुणी घर दिलं, असं माझ्या बाबतीत एकदाच घडलं.

शाळा माझी लवकर सुटली होती. जिनिंगच्या कारखान्यात सरकीचे ढीग ओढायचं काम मिळालं, ते टिकेल की नाही ही एक धास्ती. खोकला आला तर घरमालकीण बाहेर काढील ही दुसरी. मी पाय न वाजवता चालायचो. अक्का म्हणायची, “कोकण्या, तू घरमां ऱ्हास का मांजर ऱ्हास?”

पहिल्या पावसाळ्यानंतर हिवतापानं मला धरलं. ताप उतरला, पण अंगात काही उरलं नाही. डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगितलं. मी ते कुणाला बोललो नाही. माळकरी बाईच्या घरात अंड्याचं नाव काढायचं म्हणजे बिछाना गुंडाळायची तयारी. शेवटी आबांकडे, त्यांच्या कोंबड्या होत्या म्हणून, हळूच एक अंडं मागितलं. आबांना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत अक्काला कळलं.

तिनं अंगणाच्या कोपर्‍यात तीन दगड मांडले, एक जुना तवा वेगळा काढला आणि मला म्हणाली, “आण.”

“अक्का, तुमची माळ...”

“माळ मनी शे, ताप तुना शे. आण.”

तिनं स्वतः ते अंडं तव्यावर घातलं. मीठ टाकलं, चटणी टाकली, चाखलं अर्थातच नाही. मी काळजीनं बघत होतो, तशी म्हणाली, “नैवेद्य कोन चाखस? तरी देव कधी म्हने का, मीठ कमी शे?” आणि मी पहिला घास घेतला तशी समोर उकिडवी बसून तिनं विचारलं, “कसं लागस?”

“चांगलं.”

“चांगलं ही काय चव शे?”

हे रोजचं झालं. तिच्या त्या प्रश्नापायी मला चवीबद्दल बोलायला शिकावं लागलं. मी तिला सांगितलं, की आमच्याकडच्या कोंबड्या खळ्यात वाळत घातलेली सुकट टिपतात, म्हणून आमच्या अंड्याला समुद्राचा किंचित वास असतो. इथल्या कोंबड्या कारखान्याच्या भिंतीलगत सांडलेली सरकी खातात. बलक हिरवट निघतो आणि मागून पेंडीसारखं काहीतरी जिभेवर राहतं. अक्कानं हे फार मन लावून ऐकलं. “म्हंजे कोंबडी जे टिपस, तेच अंडामां बोलस,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, “मंग मना दगडूना पोटमां आते कोनता देश बोलत व्हई?”

तेव्हा मला कळलं की ही बाई माझ्या अंड्याची चव विचारत नव्हती. तिचा आंडोर, दगडू, महायुद्धात खेचरांच्या पलटणीत होता. आधी मिसर देशात, मग इटलीत. तिथं तो काय खातो, ते कसं लागत असेल, याचा ती माझ्या ताटलीवरून अंदाज बांधत होती.

लढाई संपली. बऱ्याच महिन्यांनी दगडू आला. उंच, वाळलेला, ओट्यावर पाय सोडून बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या बैलांकडे बघायचा. आईनं केलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा मोडायचा आणि उरलेली तशीच. विचारलं तर म्हणायचा, “नको माय.” अंडं तेवढं मागायचा. अक्का तीन दगडांवर करून द्यायची. एक घास घ्यायचा आणि ताटली सारायचा. “चव नही.”

“तठे कसं लागे?” अक्का विचारायची.

“येगळं लागे,” एवढंच.

आबांना हा अपमान वाटायचा. कोंबड्या त्यांच्या होत्या. “अंडं तं अंडंच ऱ्हास!” ते भिंतीपलीकडून ओरडायचे. “तठे काय कोंबडीनी जागावर हत्ती अंडं देस का?” गल्लीत लोक म्हणू लागले, पोर्‍या विलायती नखरे घेऊन आला. मलाही आत कुठंतरी तसंच वाटायचं, पण मी भाडेकरू, मी कशाला बोलू. दगडू तर तेवढंही बोलेनासा झाला. त्याच्या गालांची हाडं वर आली. पुन्हा भरती निघाली तर जातो, असं तो मला एकदा म्हणाला, जणू तिथं त्याचं काहीतरी राहून गेलं होतं.

एके दिवशी मी कामावर निघालो तर अक्का दारात उभी. ती म्हणाली, “कोकण्या, मना आंडोर उना, का नुसतं टरफल उनं?” उना म्हणजे आला, एवढी अहिराणी मला आता कळत होती. मी चप्पल घालत बसलो.

तिनं प्रयत्न सोडला नाही. बलकाचा रंग तिकडे कसा असतो, एवढं तिनं दगडूकडून काढून घेतलं होतं: झेंडूसारखा. मग तिनं आबांची एक कोंबडी मागून आणली, पायाला दोरी बांधून अंगणात ठेवली, आणि तिला सरकी बंद करून मका आणि झेंडूच्या पाकळ्या चारू लागली. माळकरी बाई सकाळी उठून कोंबडीपुढे फुलं टाकते, हे बघायला बाया यायच्या. “अक्का, आते आरती बी कर तिनी!” एकजण म्हणाली. “अंडं देई तं करसू,” अक्का म्हणाली.

आणि खरंच, बलकाचा रंग पालटला. भर दुपारी तिनं ते अंडं दगडूपुढे ठेवलं. सुट्टीचा दिवस होता, मी होतो. आबा मुद्दाम येऊन बसले होते. दगडूनं बराच वेळ ताटलीकडे पाहिलं. घास घेतला. मग हळूच, आईला वाईट वाटू नये अशा बेतानं, ताटली सारली.

“रंग उना, माय. चव नही उनी.”

“तुनी जीभ तठेच राही गई का रे?” आबा कडाडले.

अक्का उठली, हात धुतले, गळ्यातली माळ डोक्यावरून काढली आणि तुळशीच्या कोनाड्यात ठेवली. परत येऊन दगडूसमोर बसली. त्याच्या ताटलीतला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

“वहिनी!” आबा उभे राहिले.

ती चावत होती. आयुष्यात कधी तोंडाला न लागलेली गोष्ट. पण तिनं गिळलं. पदरानं ओठ पुसले आणि आबांकडे बघून म्हणाली, “खरं शे. चव नही शे. मना पोर्‍या खोटं बोलत नही.”

कशाशी ताडून पाहिलं असेल तिनं? तिच्या जिभेला दुसरं अंडंच ठाऊक नव्हतं. पण ती अशी म्हणाली, की आबा खाली बसले.

दगडू आईकडे बघत होता. “माय, तुले काय ठाऊक चव? तू कधी खाद?”

“आते खाद ना!”

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा. हसत राहिला, आणि मग त्या हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं, खांदे हलू लागले. अक्का त्याला जवळ घ्यायला गेली नाही. जागेवरून म्हणाली, “मंग तठलं कसं लागे, ते सांग. आते माले कळी.”

आणि दगडूनं सांगायला सुरुवात केली. डोंगर, चिखल, ओझ्याखाली बसलेली खेचरं. अर्धी भिंत उरलेलं एक घर. त्यात एक म्हातारी आणि टोपलीखाली झाकलेली तिची एकुलती कोंबडी. म्हातारीनं त्याला हातानं खूण करून बसवलं, कसल्याशा हिरवट तेलात अंडं तळलं आणि वाळक्या पावाबरोबर दिलं. तो खात असताना तिनं भिंतीवरचा फोटो दाखवला. तिचा मुलगा, गणवेशातला. गणवेश समोरच्या फौजेचा.

“तिना बी आंडोर,” दगडू म्हणाला. “मी खाई राहिंतू, नि ती मना तोंडकडे देखी राहिंती.”

तिथं तो थांबला. पुढे काहीतरी होतं, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण शब्द येईना.

“बाकीनं बठ्ठं सकाय सांग,” अक्का म्हणाली. म्हणजे बाकीचं सगळं उद्या. “आते खाय.” आणि त्यानं ते बेचव अंडं संपवलं.

त्यानंतर रोज दुपारी हेच. एक अंडं, एक घास अक्काचा, बाकी दगडूचा. घास घेतला की ती म्हणायची, “नही, आज बी तशी चव नही,” आणि तो सांगू लागायचा. कधी मिसरच्या पोरांनी विकलेली बोराएवढी उकडलेली अंडी, कधी डब्यातली अंड्याची पिवळी पूड. म्हातारीच्या घरापर्यंत यायचा आणि थांबायचा. काही दिवस तर काहीच सांगायचा नाही. अक्का तरी आपला घास खायचीच. तिला ते कधीच आवडलं नाही. खाऊन झालं की ओवा चघळत भिंतीला टेकून बसायची. “थकनू रे भाऊ,” मला म्हणायची, “जीभ थकनी मनी.” भजनाच्या बायांनी तिला देवळात घेईनासं केलं. ती बाहेर पायरीवर बसून टाळ्या वाजवायची.

दगडू हळूहळू भाकर खाऊ लागला. आबांबरोबर शेतावरही जाऊ लागला. एकदा तर कुऱ्हाडीचा दांडा कसा बसवावा यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अक्का आत बसून ते गाणं ऐकावं तसं ऐकत होती.

गावाकडून आईच्या दुखण्याचा निरोप आला आणि मला धुळं सोडावं लागलं. निघायच्या दिवशी अक्काच्या पाया पडलो. वर बघितलं तर तिचा गळा तसाच, मोकळा. मला राहवलं नाही. तिचे उपकार माझ्या डोक्यावर होते, आणि मला वाटायचं की ते सगळं माझ्याच तापापासून सुरू झालं.

“अक्का, आता दगडूभाऊ जेवतात, कामाला जातात. माळ परत घाला ना.”

ती दगडूकडे बघत होती. तो अंगणात त्या तीन दगडांखाली काटक्या सारत होता, आज स्वतःच.

“घालसू ना,” ती म्हणाली. “पोर्‍यानं बठ्ठं सांगीसन व्हई जाऊ दे.”